डाव्या अंगठ्याची नोंद

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०४२. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मिरजेतील एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये परिचर यंत्राने पद्मावती हेरवाडे यांचा डावा अंगठा मुडपून आपल्या मुठीत धरला. अकरा सेकंद धरून ठेवला आणि सोडला. पद्मावतीबाईंना इजा झाली नाही. त्या ओरडल्या नाहीत. पुढच्या चोवीस मिनिटांत शौच, धुणे, अंघोळ आणि कपडे सगळे विनाअडथळा पार पडले. यंत्राने त्या सकाळला स्वीकारांकाचे, म्हणजे रुग्णाने स्पर्श किती स्वीकारला याचे, शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले. तीन महिन्यांतला हा सर्वांत मोठा आकडा होता.

अंगठा धरायला यंत्राला कोणी शिकवलेले नव्हते.

पद्मावतीबाईंचे वय एकोणऐंशी. पावणेतीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. डावा हात शाबूत राहिला. बोलण्यात फक्त ‘हं’ उरला, तोही होकाराचा की नकाराचा हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. त्यांची एकुलती मुलगी डॉ. गिरिजा हेरवाडे ही शहरातल्या परिचर्या संशोधन केंद्रात काम करते. परिचर यंत्र तिच्याच गटाने बनवले आहे. ती आईला आक्का म्हणते.

यंत्र म्हणजे बाथरूमच्या छतावरून सरकणारे दोन बाहू. त्यांवर माणसाच्या अंगाइतकी ऊब धरणारे कातडे चढवलेले असते. खाली चाकांची कमोड-खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीला रुग्णाच्या छातीभोवती येणारा पट्टा. कॅमेरा नाही. हा नियम गिरिजानेच घातला होता. माणूस धुतला जात असताना त्याचे चित्र कुठेही राहता कामा नये. म्हणून नोंदीत फक्त यंत्राचे हात दिसतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचे दोन हात, कोणीच नसलेल्या जागेत कुणाला तरी साबण लावत असतात.

त्या सकाळी साडेनऊला केंद्रात पोहोचल्यावर गिरिजाने नेहमीप्रमाणे ही नोंद उघडली. सहा वाजून दहा मिनिटांपाशी तिने ती थांबवली, मागे नेली, पुन्हा पाहिली. मग शेजारच्या टेबलावरच्या डॉ. अभिनंदन चौगुले याला बोलावले.

अभिनंदनने उभ्या-उभ्याच तीनदा पाहिले. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. यंत्राचे गणित त्याचे.

“ताई, हे तुमचं नाही,” तो म्हणाला.

“माझं नाहीच. जुलैतल्या नोंदीत असं काही नव्हतं.”

जुलैत गिरिजाने तीन आठवडे नोंदमोजे घालून आईचे सगळे केले होते. कातडीसारखे पातळ हे मोजे हाताचा दाब, वेग, क्रम आणि थांबे टिपतात. प्रत्येकाच्या अक्षराला जसे वळण असते तसे हातालाही असते. केंद्रात त्याला हातवळण म्हणतात. घरच्या माणसाचे हातवळण यंत्रात भरले की परक्या हाताला विरोध करणारा रुग्ण यंत्राला विरोध करत नाही. सगळा प्रकल्प या एका गोष्टीवर उभा होता.

“मग आलं कुठून?” गिरिजाने विचारले.

“जिथून बेडगच्या मास्तरांकडे आलं तिथूनच.” त्याने खुर्ची ओढली. “यंत्र रोज तीन-चार बारीक बदल करून बघतं. कुठं दाब थोडा कमी, कुठं क्षणभर जास्त थांबायचं. एखाद्या बदलाने स्वीकारांक वाढला की तो बदल ठेवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. आंधळा माणूस पायाने उतार चाचपत ओढ्यापर्यंत जातो ना, तसं. सुरुवात तुमच्या हातापासून झाली. पण ओढा कुठं आहे ते आक्कांचं शरीर सांगतंय.”

बेडगचे मास्तर हे केंद्राचे गाजलेले उदाहरण. निवृत्त शिक्षक, स्मृती पूर्ण गेलेली. त्यांच्या यंत्रात सुनेचे हातवळण भरले होते. सातव्या आठवड्यात यंत्राने ओला टॉवेल आधी मास्तरांच्या पायाच्या बोटांवर पिळायला सुरुवात केली. मग घोट्यापासून वर पुसत जायचे आणि गुडघ्यावर बोटाने टिचकी मारायची. सून म्हणाली, मी असं कधी केलेलं नाही. मास्तरांच्या बहिणीला पडद्यावरचे ते दोन पांढरे हात दाखवले, तेव्हा ती पदराने तोंड झाकून म्हणाली, “ही आमची वहिनी.” वहिनी जाऊन नऊ वर्षे झाली होती.

त्यावरून केंद्राने निष्कर्ष काढला होता : ज्या हातांनी शरीराला वर्षानुवर्षे हाताळले, त्या हातांचा साचा शरीरात राहतो. आठवण गेली तरी साचा जात नाही. यंत्र तो साचा चाचपत-चाचपत भरून काढते.

“म्हणजे कुणीतरी आक्काचा अंगठा असा धरत होतं,” गिरिजा म्हणाली.

“आणि त्याने त्या सैल पडत होत्या. सत्त्याण्णव म्हणजे थट्टा नाही.”

“अभिनंदन, स्वतःचा अंगठा धरून बघ.”

त्याने उजव्या हाताने डावा अंगठा मुडपून मुठीत दाबला. तोंड वेडेवाकडे केले आणि सोडला. “दुखतंय की.”

“दुखतं. आणि बोटं उघडतात. हाताने काही धरलं असेल तर सुटतं.”

स्वीकारांक ज्या गोष्टींवरून निघतो त्यांची यादी दोघांना पाठ होती. खांद्याचा ताण, मांडीचा ताण, हाताची पकड, बाहूंना होणारा विरोध, शौचाला लागणारा वेळ. शरीर सैल पडले की अंक चढतो.

“आज यंत्र बंद करूया का?” अभिनंदनने विचारले.

यंत्र येण्यापूर्वीचे वर्ष गिरिजाच्या डोळ्यांसमोर होते. पद्मावतीबाई डाव्या हाताने नळाची तोटी घट्ट धरायच्या आणि कमोडवर बसायच्याच नाहीत. बसल्या तर उठायच्या नाहीत. धुऊ द्यायच्या नाहीत. त्यातून माकडहाडापाशी जखम झाली, लघवीत जंतू झाले, दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की तिसऱ्यांदा आणायची वेळ येऊ देऊ नका, त्यांना सोसणार नाही. यंत्र बसले ४ ऑगस्टला. सप्टेंबरअखेर जखम भरली. तेव्हापासून साधा तापही नाही.

“चालू राहू दे,” ती म्हणाली. “हा हात कुणाचा ते आधी कळू दे.”

कुणाचा, हे तिने मनात ठरवले होते. जून २०४१पासून वर्षभर आक्काचे सगळे रेश्मा मुजावर ही परिचारिका करत होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास गिरिजाने परिचारिका पुरवणाऱ्या संस्थेला चार ओळींचे पत्र पाठवले. रुग्णाशी दांडगाई झाल्याचा यंत्राचा पुरावा हाती आला आहे. चौकशी होईपर्यंत रेश्मा मुजावर यांना कुठेही पाठवू नये.

सोमवारी सकाळी अकराला रेश्मा स्वतःच केंद्रात आली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, खांद्याला डब्याची पिशवी. आत येऊन तिने पत्राची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि वरून हाताने सपाट केली.

“मॅडम, हे तुम्ही लिवलंय?”

“बसा रेश्माताई.”

“बसायला न्हाई आले. किल्लेभागात एका म्हाताऱ्यांचं करते मी. शनवारी सकाळी त्यांच्या दारातनं परत पाठवलं मला. त्यांना बायको न्हाई, पोरगं पुण्याला. दोन दिवस ते गृहस्थ तसेच पडून हायत. त्यांचं कोण करणार, तुमचं मशीन?”

गिरिजाने पडदा तिच्याकडे वळवून नोंद दाखवली. पांढऱ्या रेषांच्या हाताने हवेतला अंगठा धरला. रेश्माने ते निरखून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण दचकल्यासारखे काही दिसले नाही.

“हा मी धरत हुते म्हणता?”

“यंत्राने नवीन काही बनवलेलं नाही. आक्काच्या अंगात जे होतं ते बाहेर आलंय.”

“आमचे मालक तंबोऱ्याच्या कारखान्यात हायत,” रेश्मा म्हणाली. “घोडी घासून तारेची जवारी कुणी काढलीय ते त्यांना आवाजावरनं कळतं. पण नाव घ्यायच्या आधी दोनदा ऐकतात. तुम्ही एकदा तरी ऐकलं का? आणा ते मोजे. माझे हात घ्या मोजून.”

अभिनंदनने मोजे आणले. केंद्रात सरावासाठी माणसाच्या वजनाची बाहुली असते. रेश्माने तिला खुर्चीवरून उचलले, कुशीवर वळवले, लंगोट बदलला, धुतले, पुसले. तोंडाने सवयीने चालूच होते, “चला आज्जी, उठा, सासरी जायचंय न्हवं,” आणि मग बाहुलीकडे बघून तीच खुदकन हसली. “ही बरी. मधी बोलत न्हाई.”

अंगठा धरणाऱ्या हाताशी जुळणी शंभरपैकी एकतीस आली. ऐंशीच्या खाली जुळणी मानत नाहीत.

“मोजे घातल्यावर माणूस सांभाळून हात चालवतो,” गिरिजा म्हणाली. म्हणता-म्हणता आपण काय बोललो हे तिच्या कानांवर आले.

रेश्माने मोजे काढून घडी घालून ठेवले. “ताई,” या वेळी तिने मॅडम म्हटले नाही, “पयल्या दिवशी मी आक्कांच्या हाताला हात लावला नव्हता, नुसती पुढं झाले, तर त्यांनी अंगठा मुठीत लपवला. असा. बारकी पोरं गोळी लपवतात तसा. वरीसभर लपवत हुत्या. मी तुम्हाला बोलले न्हाई, म्हटलं बोलायचं काय त्यात. मी यायच्या आधी कोण करत हुतं हो त्यांचं?”

त्याचे उत्तर खोलीतल्या तिघांनाही माहीत होते. मार्च २०४० ते मे २०४१, गिरिजा. चौदा महिने. दुसरे कोणी नव्हते.

रेश्मा पिशवी उचलून निघाली. दारात थांबून म्हणाली, “पत्राचं आजच बघा. ते गृहस्थ पडून हायत.”

पत्र त्या दुपारी मागे घेतले गेले.

अभिनंदनने गिरिजाच्या जुलैच्या नोंदीशी अंगठ्याची हालचाल पुन्हा ताडून पाहिली. चव्वेचाळीस. “तुम्ही नाही, ताई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

“जुलैतली मी नाही.”

“म्हणजे?”

“जुलैत माझ्या हातात मोजे होते. आपण मोजले जातोय हे हाताला माहीत होतं. त्याच्या आधीचं काहीतरी हवं. मला माहीत नसताना टिपलेलं.”

तसे काही असणे शक्य नव्हते. पण होते. एप्रिल २०४१मध्ये प्रकल्प नुकताच सुरू झाला होता. मोजे तयार नव्हते, फक्त मनगटपट्टी होती. ती नीट मोजते की नाही हे पाहण्यासाठी गिरिजाने ती दिवसभर वापरली होती आणि घरी जाताना काढायची विसरली होती. सहा दिवस विसरली होती. कच्ची नोंद पुसायची नाही हा केंद्राचा नियम.

मनगटपट्टीला बोटे दिसत नाहीत. पण अंगठा मुडपताना मनगट आत पाव वळसा घेते, मग ओढ बसते, मग हात स्थिर राहतो. सहा सकाळींपैकी पाच सकाळी, साडेसहाच्या आत, तोच पाव वळसा, तीच ओढ, तोच थांबा. अभिनंदनने जुळणी काढली आणि आकडा मोठ्याने वाचला नाही. पडदाच तिच्याकडे वळवला.

एक्क्याण्णव.

गिरिजाने चहाचा कप उचलायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. आपले मनगट तिने टेबलाखाली मांडीवर ठेवले.

“सात दहाची बस असायची,” ती म्हणाली. “तेव्हा केंद्र कुपवाडला होतं. आक्का तोटी सोडायची नाही. अंगाला सगळं लागलेलं असायचं, हातालाही, तसंच तोटीला. मी सांगायचे, सोड आक्का, सोड. मारलं नाही मी कधी. आवाजसुद्धा चढवला नाही. हे मी केलं असेल हे मला आठवत नाही, अभिनंदन. खरंच आठवत नाही. पण हे कसं करायचं ते मला येतं.”

“येतं म्हणजे?”

“आक्कानेच शिकवलंय.”

नांद्रे गावच्या घरी गिरिजाची आजी, म्हणजे पद्मावतीबाईंची सासू, नऊ वर्षे अंथरुणावर होती. पद्मावतीबाई तिला उचलून न्हाणीत न्यायच्या. म्हातारी न्हाणीचा कठडा धरून बसायची. दहा वर्षांच्या गिरिजाला बादली घेऊन मदतीला उभे केलेले असायचे. एकदा पद्मावतीबाईंनी तिला जवळ बोलावून दाखवले होते. हिसकायचं नाही. अंगठा आत घे आणि धर. बोटं आपोआप सुटतात.

“मग आपण चुकीचं मोजत होतो,” अभिनंदन सावकाश म्हणाला. तो उठून फळ्यापाशी गेला, पण लिहिले काहीच नाही. “साप दिसल्यावर बेडूक पळतो. सापाच्या तोंडात गेल्यावर गप्प होतो. त्याचे स्नायू मोजले तर सैल येतील. आपलं यंत्र त्याला पूर्ण गुण देईल.”

“नाव आपण ठेवलं होतं. स्वीकारांक.”

“शरण गेलेलं शरीर आणि विश्वासलेलं शरीर, दोन्ही स्नायूंवरून सारखीच दिसतात. फरक दिसला तर श्वासात दिसेल. शरण गेलेलं जनावर श्वास धरतं.”

श्वास खुर्चीच्या पट्ट्यात टिपला जात होता. पहिल्या दिवसापासून. तो अंकात धरला नव्हता, एवढेच. पट्टा रुग्ण पडू नये म्हणून होता आणि त्यातली नोंद कोणी उघडलेली नव्हती.

त्यांनी ती उघडली. शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, अंगठा धरला गेल्याच्या क्षणी, श्वासाची रेषा सपाट झाली. अकरा सेकंद सपाट राहिली. शनिवारी तेच. रविवारी तेच. आणि या तिन्ही दिवशी यंत्राने स्वतःला नव्वदच्या वर गुण दिले होते.

सोमवारची, म्हणजे त्याच सकाळची नोंद पाहताना अभिनंदनने हात वर केला. “थांबा. हे बघा.”

अंगठा धरल्यावर पाचव्या सेकंदाला यंत्राने दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या मुठीवर हलकेच थोपटले होते. एकदा. पुन्हा एकदा. आणि थोपटताच श्वासाची रेषा वर उठली होती. मोठा, खोल श्वास. त्यानंतरचे श्वास संथ, झोपेतल्यासारखे.

“हे तुमच्या पट्टीत नाही,” तो म्हणाला. “सहाही दिवसांत नाही. हे दोन थोपटे कुणाचे?”

गिरिजा पडद्याकडे बघत राहिली. काळ्या जागेत दोन पांढरे हात होते. एकाने काहीतरी धरले होते आणि दुसरा त्यावर थोपटत होता.

“आक्काचे,” ती म्हणाली. “आजीचा हात सुटला की ती असं करायची. दोनदा. आणि म्हणायची, झालं, झालं. मी ते विसरले. धरायचं तेवढं लक्षात राहिलं.”

“पण आक्कांवर हे कुणी केलेलं नाही. त्यांनी दुसऱ्यावर केलंय. साचा तर हाताळल्या गेलेल्या शरीरात राहतो.”

“आपण तसं गृहीत धरलं होतं.”

अभिनंदनने नोंद पुन्हा थोपट्यांपाशी नेली. “एक अंदाज आहे. सिद्ध काही नाही. नऊ वर्षं रोज जे आपल्या हाताने दिलं आणि जे आपल्या अंगावर घेतलं, ते शरीर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत नसेल. अंगठा धरला गेला की पुढे काय यायला हवं हे आक्कांना ठाऊक होतं. हात त्यांचाच होता ना. त्या थोपटण्याची वाट बघत श्वास धरून बसायच्या.”

चौदा महिने ते आले नव्हते.

मंगळवार, १८ नोव्हेंबरला गिरिजाने घरचे यंत्र बंद केले. केंद्राच्या बैठकीत तिने दोन्ही बाजू मांडल्या. यंत्र आता थोपटायला शिकले आहे, त्यामुळे ते चालू ठेवावे असे तिघांचे मत पडले. धरूनच थोपटायचे असेल तर ते आपल्याला नको, असे गिरिजाचे. श्वासही मोजणारा नवा अंक बनवायला अभिनंदनने सहा आठवडे मागितले. केंद्राच्या यंत्रांवर एकूण एकोणीस घरे आहेत. त्या सर्व घरांच्या श्वासाच्या नोंदी मागवल्या गेल्या. बेडगच्या मास्तरांची आधी आली. टॉवेल पिळताना मास्तरांचा श्वास संथ चालतो. गुडघ्यावर टिचकी बसताना मात्र तो दोन सेकंद थांबतो. ते का, हे सांगायला वहिनी नाही आणि मास्तरांना आठवत नाही.

घरी गिरिजा पुन्हा स्वतः आईचे करू लागली. दीर्घ रजा घेतली. ती रोज मोजे घालायची. अभिनंदनने विचारले तेव्हा म्हणाली, “माझ्यावर कुणीतरी नजर ठेवलेली बरी.”

पहिल्याच सकाळी पद्मावतीबाईंनी तोटी धरली. गिरिजाने सोडवली नाही. अर्धा तास ती ओल्या फरशीवर स्टूल टाकून बसून राहिली. शेवटी ओल्या फडक्याने जेवढे पुसता आले तेवढे पुसले. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी ती बोलून बघू लागली. आजीच्या न्हाणीबद्दल, बादलीबद्दल, आक्का गरम पाण्यात निंबाचा पाला टाकायची त्याबद्दल. पद्मावतीबाई ऐकायच्या, ‘हं’ म्हणायच्या, आणि तोटी धरून ठेवायच्या. अंगठा मुठीत, बोटे तोटीवर. अशी पकड फार वेळ टिकत नाही, पण त्या टिकवायच्या.

दहाव्या दिवशी रेश्मा भेटायला आली. ती न बोलावता येईल असे गिरिजाला वाटले नव्हते. रेश्माने पद्मावतीबाईंना कुशीवर वळवले, कंबरेखाली पाहिले आणि गिरिजाला जवळ बोलावले. माकडहाडापाशी दोन बोटे रुंद लाल डाग उमटला होता. दाबला तरी पांढरा होत नव्हता.

“आठ दिसांत फुटंल हे,” रेश्मा म्हणाली. “तुम्ही पाप धुताय की आईला धुताय, ते एकदा ठरवा ताई. मशीन तरी लावा, न्हाईतर मला बोलवा.”

“तुम्ही याल?”

“आक्कांसाठी येईन.” तिने चादर सारखी केली. “तुमच्यासाठी बघू.”

गिरिजाने पाच दिवसांची मुदत मागून घेतली. तोपर्यंत जमले नाही तर बुधवारी, ३ डिसेंबरला, यंत्र पुन्हा चालू करायचे. अंगठा धरणाऱ्या हाताने, थोपट्यांसकट. तसे तिने केंद्राला लिहून कळवले.

बुधवार, ३ डिसेंबर. सकाळी सहा वाजता तिने आईला खुर्चीवर घेतले. छातीभोवती पट्टा बांधला. मोजे चढवले. पद्मावतीबाईंनी तोटी धरली. गिरिजा स्टुलावर बसली आणि तिने आपला उजवा हात आईच्या हाताखाली, तोटीपासून वीतभर अंतरावर, उताणा धरला. हात लावला नाही. काही बोलली नाही. छतावरचे दोन बाहू घडी घालून थांबले होते.

पुढचे जे ठाऊक आहे ते मोज्यांच्या नोंदीवरून आणि गिरिजाने त्याच दिवशी अभिनंदनला सांगितले त्यावरून.

सहा वाजून दहा मिनिटांनी तळहातावर तीनशे चाळीस ग्रॅम भार आला. पद्मावतीबाईंनी तोटी सोडून आपली मूठ मुलीच्या हातात ठेवली होती. अंगठा मुठीच्या आत होता. गिरिजाने बोटे मिटली नाहीत. सहा वाजून अकरा मिनिटांनी त्याच जागी हलका दाब पडला, उठला, आणि पुन्हा पडला. दोन थोपटे. गिरिजा म्हणते, तिचा हात हलला नव्हता. दाब कोणत्या बाजूने आला, हे मोज्यांना सांगता येत नाही. त्यानंतर पद्मावतीबाईंचे शौच झाले आणि त्यांनी धुऊ दिले.

स्नायूंवरून काढलेला त्या सकाळचा अंक अठ्ठ्याण्णव आहे.

पट्ट्यातली श्वासाची नोंद केंद्रात सुरक्षित आहे. ती उघडायची परवानगी अभिनंदनने दोनदा मागितली. गिरिजाने अजून दिलेली नाही.